आधी कूलर, मग प्रीॲम्प: घरी गाणं रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली दुपार. आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाचे एक काका पेन ड्राइव्ह घेऊन वर आले. “दोन भजनं भरून दे बाप्पा, मंडळातल्या पोरांना ऐकवायची आहेत.” माझी खोली नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घराची वरची, दहा बाय बारा. बाहेर पारा पंचेचाळीसच्या पुढे, म्हणून खिडकीतला कूलर ‘लो’वर ठेवला. नुकताच मी हौसेने एक सेकंडहँड ट्यूब प्रीॲम्प (माइकचा सिग्नल मोठा करणारं यंत्र) आणि रॅकमध्ये बसणारा कम्प्रेसर (मोठा आवाज दाबून मोठ्या-लहान आवाजातलं अंतर कमी करणारं यंत्र) आणला होता, त्यांचे दिवे लावायचा मोह आवरेना. काका छान गायले. मग हेडफोन लावून ऐकायला बसले आणि पहिल्या कडव्यालाच थांबले. “आवाज चांगला येऊन राह्यला, पण मी श्वास घेतला की मागं पाणी काहून पडून राह्यलं?”

कूलरच्या पॅडवरून टाकीत ठिबकणारं पाणी! गाताना ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. कम्प्रेसरने मात्र प्रत्येक ओळ संपली की ते वर ओढलं आणि काकांच्या शेजारी आणून बसवलं.

प्रीॲम्प आणि कम्प्रेसर कसा निवडायचा, हे पुढे क्रमाने लिहितो. क्रम महत्त्वाचा, कारण खरेदी करताना आपण तो बहुतेक वेळा उलटा धरतो. मीही धरला होता.

पहिली पायरी: एक मिनिट गप्प बसा

हे काम फुकटचं आहे. जो माइक असेल तो लावा, गाताना जेवढा ठेवता तेवढाच गेन (माइकचा सिग्नल किती वाढवायचा ते) ठेवा आणि कोणी काही न बोलता एक मिनिट रेकॉर्ड करा. मग ती फाइल सॉफ्टवेअरमध्ये २० डीबी (डेसिबल) वाढवून हेडफोनवर ऐका. फ्रिज, वरच्या मजल्यावरचा पंखा, शेजारच्या टाकीची मोटर, लॅपटॉपचा स्वतःचा पंखा, लांबवरचा लग्नाचा बँड, सगळे हजर असतात. गाण्यावर कम्प्रेसर लावल्यावर साधारण हेच ऐकू येणार आहे, थोडं कमी प्रमाणात.

नागपुरात यातला सगळ्यात मोठा गडी कूलर. त्याच्याशिवाय एप्रिल ते जून बसवत नाही आणि त्याच्यासोबत रेकॉर्डिंग होत नाही. मी आता तासभर कूलर चालवून खोली गार करतो, मग पंखा आणि पंप दोन्ही बंद, खिडकीच्या फटीत जुनी चादर कोंबायची आणि वीस-पंचवीस मिनिटं गायचं. पुन्हा कूलर. नुसता पंप चालू ठेवून पंखा बंद करू नका, पाण्याचा आवाज तसाच राहतो. त्याहून बरी वेळ म्हणजे पहाटे पाच ते सात. तेव्हा फक्त कोकीळ सहन करावा लागतो.

दुसरी गोष्ट गादीची. घरगुती गायनासाठी वापरतात ते बहुतेक माइक कार्डिऑइड, म्हणजे समोरचं जास्त आणि पाठीमागचं कमी ऐकणारे. माइकच्या समोर तुम्ही असता आणि तुमच्या मागे भिंत. ती भिंत खोलीत घुमलेला आवाज थेट माइकच्या तोंडावर फेकते. म्हणून कापसाची जाड गादी किंवा दोन गोधड्या टांगायच्या त्या गाणाऱ्याच्या पाठीमागे. माइकच्या मागे फोमचा अर्धगोल लावून बाकी खोली उघडी ठेवणारे बरेच दिसतात, त्याने फार थोडा फरक पडतो. एक इंची फोमच्या चौकटीही वरचे सूर खातात आणि खालची घुमणी तशीच ठेवतात, आवाज डब्यात गायल्यासारखा होतो. पिंजाऱ्याकडून भरून घेतलेल्या गादीची बरोबरी ते करू शकत नाहीत.

तिसरी गोष्ट विजेची. हेडफोनमध्ये सतत ‘घूं’ असा बारीक आवाज येत असेल आणि इंटरफेसच्या (माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या पेटीच्या) धातूला हात लावल्यावर तो बदलत असेल, तर दोष प्रीॲम्पमध्ये शोधू नका. आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा. निम्म्या वेळा प्रश्न तिथेच मिटतो. लाइट गेल्यावर स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर चालू झाला की तो स्वतःच गुणगुणतो, तेव्हाही बॅटरी बरी. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा प्रतिकार वाढतो. आमच्या जुन्या घरात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घातलं आणि गुणगुण निम्मी झाली. हे इलेक्ट्रिशियनला दाखवूनच करा. आणि गुणगुण घालवायला प्लगची अर्थिंगची पिन कापायची नाही म्हणजे नाही, जिवावर बेतेल.

दुसरी पायरी: माइक ठरला की प्रीॲम्प निम्मा ठरतो

प्रीॲम्पचं काम एकच: माइकमधून येणारा अगदी बारीक विद्युत सिग्नल रेकॉर्ड करता येईल इतका मोठा करणं. यूएसबी इंटरफेस घेतला की त्यात प्रीॲम्प असतोच, समोरचं ‘गेन’ लिहिलेलं बटण म्हणजे तोच. किती मोठा करायचा, ते माइकवर अवलंबून.

९४ डेसिबल इतक्या आवाजाला माइक किती मिलिव्होल्ट देतो, हा आकडा कंपनी माइकसोबत छापते. शुअर एसएम ५८, जो १९६६ पासून स्टेजवर दिसतो, तो देतो १.८५ मिलिव्होल्ट. पॉडकास्टवाल्यांचा लाडका शुअर एसएम ७बी त्याहून मंद, १.१२ मिलिव्होल्ट. हे दोन्ही डायनॅमिक, म्हणजे बाहेरून वीज न लागणारे. रोड एनटी १-ए हा कंडेन्सर, म्हणजे वीज लागणारा माइक तेवढ्याच आवाजाला २५ मिलिव्होल्ट देतो, एसएम ७बीच्या बावीसपट. म्हणजे कंडेन्सरला प्रीॲम्पकडून जवळजवळ २७ डीबी कमी मेहनत लागते.

मग सगळ्यांनी कंडेन्सरच घ्यावा का? तुमची खोली शांत असेल आणि मागे गाद्या असतील तर हो. रस्त्याकडेची खोली, उघडी भिंत, खालच्या मजल्यावर मिक्सर, अशी स्थिती असेल तर डायनॅमिक घ्या आणि तोंडापासून चार बोटांवर गा. जवळून गायल्यामुळे आवाज मोठा जातो, म्हणून खोली मागे पडते. कंडेन्सरला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर, म्हणजे माइकच्याच वायरीतून जाणारी वीज लागते, ती इंटरफेसवर ‘४८व्ही’ लिहिलेल्या बटणाने मिळतो. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या बीएम-८०० सारख्या किटमध्ये एका टोकाला एक्सएलआर (माइकची तीन पिनांची जोडणी) आणि दुसऱ्या टोकाला मोबाइलसारखी ३.५ मिमी पिन असलेली वायर येते. ती मोबाइलमध्ये खुपसून ‘कंडेन्सरमध्ये दम नाही’ असं म्हणणारे मी पाहिले आहेत. त्या पिनमधून ४८ व्होल्ट मिळतच नाहीत.

कंडेन्सरला दमट हवा सोसत नाही, आणि कूलर म्हणजे दमट हवेचाच कारखाना. पावसाळ्यात कॅप्सूलवर (माइकमधल्या आवाज टिपणाऱ्या भागावर) ओल धरली की आवाजात चरचर येते. काम झालं की माइक सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात. मी फरसाणाचा जुना डबा वापरतो, धुऊन.

तिसरी पायरी: गेनचा हिशोब

इथे जरा सावकाश चला, कारण पैसे वाचतात ते इथेच.

इंटरफेसच्या कागदावर दोन आकडे शोधा: माइक इनपुटची कमाल पातळी आणि गेन रेंज. समजा, पहिला +९ डीबीयू (विद्युत सिग्नलची पातळी मोजायचं माप) आणि दुसरा ५६ डीबी आहे. बटण पूर्ण उजवीकडे फिरवलं की ९ उणे ५६, म्हणजे -४७ डीबीयूचा सिग्नल मीटरच्या अगदी वरच्या टोकाला, शून्याला पोहोचेल. रेकॉर्डिंगमध्ये आपल्याला शून्यापर्यंत जायचंच नसतं, सगळ्यात जोराचा सूर -१२ च्या आसपास आला की पुरे.

आता एसएम ७बी. त्याचे १.१२ मिलिव्होल्ट म्हणजे सुमारे -५७ डीबीयू. माइकपाशी ९४ डेसिबलचा जोर असेल तर -१२ गाठायला सुमारे ५४ डीबी गेन लागेल. बटण शेवटच्या दोन डीबींवर आलं, पण भागलं. तुम्ही हळू, कुजबुजत्या आवाजात भावगीत गाणारे असाल आणि माइकपाशी ८४ डेसिबलच पोहोचत असतील, तर बटण पूर्ण फिरवूनही मीटर -२० च्या वर जाणार नाही. एसएम ५८ ला पहिल्या परिस्थितीत सुमारे ४९ डीबी लागतील आणि एनटी १-ए ला २७. एकाच इंटरफेसवर एकाला ‘कमी पडतो’ आणि दुसऱ्याला ‘खूप झाला’ असं वाटतं, ते यामुळे.

आणखी एक फसवणूक. दुसऱ्या एखाद्या इंटरफेसवर ‘गेन ६९ डीबी’ लिहिलेलं दिसलं की १३ डीबी जास्त मिळाले असं वाटतं. पण त्याची कमाल पातळी +१६ असेल, तर १६ उणे ६९ म्हणजे -५३. खरा फायदा ६ डीबीचाच. म्हणून नुसती गेन रेंज न बघता दोन्ही आकड्यांची वजाबाकी करा. ही वजाबाकी जितकी खाली, तितका प्रीॲम्प मंद माइकला उचलू शकतो.

प्रीॲम्पच्या स्वतःच्या सळसळीचं काय? तिचा आकडा ‘ईआयएन’ या नावाने छापलेला असतो आणि चांगल्या घरगुती इंटरफेसमध्ये तो -१२७ ते -१२९ डीबीयू असतो. १५० ओमच्या कुठल्याही स्रोताची स्वतःची उष्णतेची सळसळच -१३१ च्या आसपास असते, तिच्याखाली कोणताही प्रीॲम्प जाऊ शकत नाही. (नागपूरच्या उन्हाळ्याने हा आकडा अर्ध्या डीबीनेही हलत नाही, मी हिशोब करून पाहिला.) म्हणजे -१२८ वाला इंटरफेस सोडून दहापट किमतीचा प्रीॲम्प आणला, तरी सळसळीत फार तर ३ डीबीचा फायदा.

तेच खोलीच्या भाषेत सांगतो. एसएम ७बी ९४ डेसिबलला -५७ देतो आणि प्रीॲम्पची सळसळ -१२८ वर. मधलं अंतर ७१. ९४ मधून ७१ गेले की उरतात २३. म्हणजे इतका मंद माइक लावूनही प्रीॲम्पची सळसळ खोलीतल्या २३ डेसिबल आवाजाएवढीच होते. माझ्या खोलीत पहाटे सगळं बंद केल्यावर मोबाइलवरचं मीटर ३३-३४ दाखवतं, कूलर चालू असताना साठच्या आसपास. मोबाइलचं मीटर काही प्रयोगशाळेचं नव्हे, तरी कुठे पैसे घालायचे आणि कुठे गादी टांगायची, एवढं त्यातून कळतं.

दोन आकडे तुलना करताना दोन्ही ‘ए-वेटेड’ (कानाला कमी ऐकू येणारे सूर कमी धरून मोजलेले) आहेत की नाहीत ते बघा. ए-वेटेड आकडा नेहमी जरा जास्त गोंडस दिसतो.

वजाबाकी करूनही गेन कमीच पडत असेल तर नवा प्रीॲम्प घेण्याआधी इनलाइन बूस्टरचा, म्हणजे माइक आणि इंटरफेसच्या मध्ये लावायच्या छोट्या यंत्राचा विचार करा. क्लाउडलिफ्टर सुमारे २५ डीबी देतो, फेटहेड २७. दोन्ही इंटरफेसचा फँटम पॉवर स्वतः खातात आणि पुढे माइकपर्यंत जाऊ देत नाहीत, त्यामुळे ते फक्त डायनॅमिक आणि साध्या रिबन माइकसाठी. कंडेन्सरसोबत लावले तर माइक मुकाच राहतो.

बर्डीवर (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) दुकानात जाताना स्वतःचा लॅपटॉप, स्वतःचा हेडफोन आणि जमल्यास स्वतःचा माइक न्या. गेन हळूहळू शेवटपर्यंत फिरवा. काही स्वस्त इंटरफेसमध्ये शेवटच्या जरा वळणावर आवाज एकदम उडी मारतो आणि सोबत सळसळही. तुमच्या माइकला त्याच जागी काम करायचं असेल तर ते यंत्र तुमचं नव्हे. एसएम ५८ चे नकली नग बाजारात भरपूर आहेत, हुबेहूब खोक्यासकट. छापील बिल आणि वॉरंटीशिवाय घेऊ नका, भाव कितीही गोड असो.

आणि परीक्षेला गाणं न म्हणता ही दोन वाक्यं म्हणा: “फाटकाबाहेर भलाथोरला फणस फुटला” आणि “चांदीचे चाळीस चमचे सासूच्या संदुकीत”. पहिल्यातले फ आणि भ माइकवर फुंकर मारतात, पॉप फिल्टर (फुंकर अडवणारी जाळी) कुठे लागेल ते कळतं. दुसऱ्यात स आणि ‘चाक’ मधला च, हे दोघं पुढे कम्प्रेसरसोबत त्रास देणार आहेत.

वेगळा प्रीॲम्प कधी

थोडक्यात सांगतो: पहिल्या दोन वर्षांत नाही.

वेगळ्या प्रीॲम्पचं आकर्षण स्वच्छतेपेक्षा रंगाचं असतं. १९७० मधला नीव्ह १०७३ हा त्यातला सगळ्यात गाजलेला. त्यातले ट्रान्सफॉर्मर जोराच्या सुराला किंचित दाटपणा देतात आणि आजही अनेक कंपन्या त्याच्या नकला विकतात. तो दाटपणा खरा आहे, ऐकू येतो. पण गादी न टांगलेल्या खोलीत तो भिंतींनाही मिळतो. स्वस्त ‘ट्यूब’ प्रीॲम्पबद्दल माझं मत वाईट आहे आणि ते मी स्वतःचे पैसे घालून बनवलंय. बऱ्याचशा यंत्रांत ट्यूबला अगदी कमी व्होल्टेज देतात, खरं काम आतली चिप करते आणि काचेआडचा नारिंगी उजेड ग्राहकाचं.

तरी घेतलाच, तर एक चूक टाळा. बाहेरच्या प्रीॲम्पचं आउटपुट इंटरफेसच्या लाइन इनपुटला (आधीच मोठा झालेला सिग्नल घेणाऱ्या) द्या, माइक इनपुटला नको. नाहीतर दोन प्रीॲम्प एकामागे एक लागतात आणि ज्याला टाळायला पैसे मोजले, तोच शेवटी बसतो. काही स्वस्त इंटरफेसमध्ये लाइन इनपुटही आतून माइकच्या प्रीॲम्पमधूनच जातो. तिथे वेगळ्या प्रीॲम्पचा अर्धा अर्थ गेलाच.

कम्प्रेसर

आधी एक किस्सा. इलेक्ट्रॉनिक्सच्या एका दुकानात मी ‘कम्प्रेसर आहे का’ विचारलं तर काउंटरवरच्या मुलाने विचारलं, “दादा, फ्रिजचा की एसीचा?” तेव्हा नागपुरात मागताना ‘साउंडचा’ म्हणा.

हा साउंडचा कम्प्रेसर करतो काय? मोठा आवाज ठरलेल्या उंबरठ्यापलीकडे गेला की त्याला दाबतो. उंबरठा म्हणजे थ्रेशोल्ड. किती दाबायचं ते रेशो. समजा थ्रेशोल्ड -२० आणि रेशो ४:१. काकांचा वरचा सूर -८ ला गेला, म्हणजे उंबरठ्याच्या १२ डीबी वर. चारास एक या हिशोबाने बारातले तीनच बाहेर पडतात, सूर -१७ ला येतो. ९ डीबी दाबले गेले. आता गाणं एकूण हळू झालं, म्हणून मेकअप गेनने सगळंच ९ डीबी वर उचलायचं. सगळंच, म्हणजे ओळींमधली शांतताही, आणि शांततेतलं पाणीही. काकांच्या भजनात धबधबा आला तो इथून. ६ डीबीचा मेकअप दिला की खोलीचा आवाज ६ डीबी वर येतो. कुठलाही महागडा कम्प्रेसर यातून सुटत नाही.

आता प्रश्न हार्डवेअरचा. टेपच्या काळात आणि १६ बिट डिजिटलच्या काळात रेकॉर्ड करतानाच कम्प्रेस करण्याला कारण होतं: आवाज हळू भरला तर तो टेपच्या सळसळीत बुडायचा. आज २४ बिटमध्ये कागदावर १४४ डीबीची जागा आहे. -१२ वर भरा, -१८ वर भरा, काही बुडत नाही. मग रेकॉर्ड करतानाच दाबून ठेवण्यात धोका तेवढा उरतो, कारण एकदा दाबलेला आवाज परत उकलत नाही. तुमच्याकडे पाच-सात माइक, ओळखीची खोली आणि रोजचं काम असेल तर गोष्ट वेगळी. घरी दोन भजनं भरणाऱ्याने प्लगइनच, म्हणजे सॉफ्टवेअरमधला कम्प्रेसर वापरावा आणि उरलेल्या पैशात माइक सुधारावा.

प्लगइन निवडताना नावं गोंधळात टाकतात. बरीचशी दोन जुन्या यंत्रांची रूपं असतात, त्यामुळे ती दोन ओळखली की काम भागतं.

एलए-२ए हे १९६० च्या दशकातलं. आत एक दिवा आणि प्रकाशाला संवेदनशील असलेला घटक. आवाज वाढला की दिवा उजळतो आणि आवाज दबतो. बटणं दोनच, गेन आणि पीक रिडक्शन. अटॅक, म्हणजे दाबायला लागणारा वेळ, सुमारे १० मिलिसेकंद. सोडताना (यालाच रिलीज म्हणतात) पहिला अर्धा भाग चटकन, ६० मिलिसेकंदात सोडतो आणि बाकीचा सावकाश, काही सेकंदांत. म्हणून तो गायकाच्या मागे उभा राहून खांद्यावर हात ठेवल्यासारखा वाटतो. अभंग, भावगीत, ओवी, जिथे मींड आहे, लांब सूर आहेत, तिथे हा.

११७६ हे १९६७ चं, फेट ट्रान्झिस्टरवर चालणारं, अतिचपळ. अटॅक २० ते ८०० मायक्रोसेकंद, म्हणजे सगळ्यात सावकाश ठेवला तरी एका मिलिसेकंदाच्या आत पकडतो. रेशो ४, ८, १२, २०. याची अटॅक-रिलीजची बटणं उलटी आहेत: उजवीकडे फिरवलं की वेग वाढतो. प्लगइनमध्येही हे तसंच ठेवलंय आणि नव्याची पहिली चूक ठरलेली. भीमगीत, पोवाडा, जिथे शब्द छातीतून फेकला जातो, तिथे हा शोभतो. १४ एप्रिल जवळ आला की आमच्याकडे नवी भीमगीतं भरायची घाई सुरू होते, तेव्हा मी पहिला हाच उघडतो.

फुकटात ॲनालॉग ऑब्सेशनचे ‘लाला’ आणि ‘फेटिश’ हे या दोघांचेच अवतार. शिकण्यासाठी मात्र रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधला साधा रीकॉम्प घ्या. दिसायला रूक्ष आहे, पण प्रत्येक आकडा डोळ्यांसमोर असतो.

लावायचा कसा: काकांची दुसरी खेप

काकांना मी पुन्हा बोलावलं, पहाटे साडेपाचला. कूलर बंद, त्यांच्या पाठीमागे गादी, एसएम ५८ चार बोटांवर, थेट इंटरफेसमध्ये. एक अडचण राहिली होती. काकांचा हात खंजिरीशिवाय चालत नाही आणि त्याशिवाय गळाही नाही. खंजिरीचा प्रत्येक ठोका माइकमध्ये शिरला तर कम्प्रेसर त्या ठोक्यावर दबतो आणि सोबत आवाजालाही दाबतो, सूर हेलकावे खातो. हार्मोनियम वाजवत गाणाऱ्यांचंही तेच, ओळ संपली की पेटी फुगून पुढे येते. मी त्यांच्या मांडीवर चार घड्यांचा टॉवेल ठेवला आणि म्हटलं, यावर वाजवा. खंजिरी नंतर वेगळी भरली.

गेन लावताना त्यांना मुखडा म्हणायला लावला नाही. सगळ्यात चढी ओळ, तार सप्तकातली, तीच तीनदा म्हणवून घेतली आणि मीटर -१२ च्या आत ठेवलं. रंगात आल्यावर माणूस तालमीपेक्षा नेहमी मोठा गातो, काका -९ पर्यंत गेले. वाव ठेवला होता म्हणून निभावलं. हेडफोनमध्ये त्यांना डायरेक्ट मॉनिटरिंग दिलं, म्हणजे त्यांचा आवाज कॉम्प्युटरमध्ये फिरून उशिरा कानावर येत नाही.

मग कम्प्रेसर? अजून नाही. आधी हाताने. दुसऱ्या कडव्यातली चढी ओळ कापून ४ डीबी खाली केली, एक पडलेला शब्द ३ डीबी वर. दहा मिनिटांचं काम, पण त्यामुळे पुढे कम्प्रेसरला निम्मीच मेहनत राहते. त्यानंतर दोन कम्प्रेसर एकामागे एक. पहिला ११७६ च्या जातीचा, रेशो ४, अटॅक सावकाश, रिलीज जलद, फक्त टोकाच्या सुरांवर ३ डीबी. दुसरा एलए-२ए च्या जातीचा, सगळ्या गाण्यावर ३ ते ४ डीबी. एकट्याकडून ७ डीबी दाबून घेतले असते तर गळा आवळल्यासारखं वाटलं असतं. साधा कम्प्रेसर असेल तर रेशो ३:१, अटॅक १० ते २० मिलिसेकंद, रिलीज १०० च्या आसपास, इथून सुरुवात करा. अटॅक फार जलद झाला तर ‘ठ’, ‘ट’, ‘क’ बोथट होतात, शब्द बोबडे वाटतात. तान घेणाऱ्याला रिलीज फार सावकाश ठेवला तर तानेचा शेवट दबलेलाच राहतो. आणि फार जलद ठेवला तर खर्जात बारीक खरखर येते. कानाने मधली जागा शोधा.

आकड्यांपेक्षा एक सवय जास्त उपयोगी: कम्प्रेसर बंद-चालू करून बघताना दोन्ही वेळा आवाज सारखाच मोठा ठेवा. मोठा आवाज कानाला नेहमी चांगलाच वाटतो आणि मेकअप गेन त्याचाच फायदा घेऊन फसवतो. मी कित्येक महिने फसत होतो.

दाबून उचलल्यावर ‘स’ आणि ‘च’ टोचायला लागले, तेव्हा कम्प्रेसरनंतर डी-एसर (असे टोचणारे आवाजच दाबणारं प्लगइन), साधारण ५ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, ३ डीबीपेक्षा जास्त नको. जास्त झालं की गायक बोबडा वाटतो. ओळींमधले श्वास कापून टाकू नका, ५-६ डीबी खाली करा. भजनात श्वास नसला तर गाणारा माणूस आहे की मशीन तेच कळत नाही.

कम्प्रेस न केलेली मूळ फाइल वेगळी जपून ठेवली. रॅकमधला कम्प्रेसर त्या दिवशी लावलाच नव्हता. तो अजूनही कोपऱ्यात आहे, गोधड्या त्याच्यावर घडी घालून ठेवतो.

काकांनी हेडफोन लावले, डोळे मिटले, दोन्ही भजनं पूर्ण ऐकली. मग हेडफोन काढून खिडकीतल्या कूलरकडे पाहिलं. “आता लाव बाप्पा तो. घामानं जीव गेला.”